पॅच टाकला, पण शिक्का बदलला का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. वडोदऱ्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात तुम्ही आयटी एकट्याने सांभाळता. दीडशेच्या आसपास युजर आहेत. शेअरपॉइंट सर्व्हर २०१९, म्हणजे फाइली साठवून वाटण्याचं मायक्रोसॉफ्टचं सॉफ्टवेअर, कारखान्यातच बसवलेलं आहे आणि बाहेरच्या व्हेंडरना ड्रॉइंग उतरवून घेता यावीत म्हणून तो इंटरनेटवर उघडा आहे. जुलै २०२५ मध्ये त्यात असा दोष निघाला की लॉगिन न करता, कुठूनही, कोणीही त्यावर स्वतःचा कोड चालवू शकेल. तुम्ही मंगळवारी, २२ तारखेला पॅच, म्हणजे दोष बुजवणारी दुरुस्ती, टाकलात. शेठनी विचारलं, ‘पती गयुं ने?’, म्हणजे संपलं ना? तुम्ही हो म्हणालात, पण रुखरुख गेली नाही. पॅच पुरेसा होता का, आणि पुन्हा असं आलं तर आधी काय करायचं?

पहिल्या भागाचं उत्तर सरळ देतो: नाही, पुरेसा नव्हता. तुमचा सर्व्हर फुटलाच असेल असं मी म्हणत नाही. पण तो फुटला की नाही हे पॅच सांगत नाही, आणि फुटला असेल तर नुसत्या पॅचने तो बंदही होत नाही. हे मी पुस्तकातून शिकलो नाही, स्वतः तोंडावर आपटून शिकलो. तो किस्सा पुढे येईलच.

आधी तारखा मांडू, कारण सगळी गोम तारखांमध्ये आहे. मे २०२५ मध्ये बर्लिनला पॉनटूओन ही सॉफ्टवेअर फोडून दाखवण्याची स्पर्धा झाली. तिथे व्हिएतनामच्या व्हिएटेल सायबर सिक्युरिटीतल्या दिन्ह हो आन्ह खोआ यांनी दोन दोष जोडून शेअरपॉइंट फोडून दाखवला आणि एक लाख डॉलरचं बक्षीस घेतलं. ‘टूलशेल’ हे नावही त्यांचंच. मायक्रोसॉफ्टने ८ जुलैच्या मासिक अपडेटमध्ये त्यावर पॅच दिला, पण तो पुरा पडला नाही. त्याला वळसा घालणारी नवी वाट निघाली. दोषांच्या जागतिक यादीतले तिचे क्रमांक सीव्हीई-२०२५-५३७७० आणि ५३७७१, पैकी पहिल्याची तीव्रता दहापैकी ९.८. जगभर धाड पडली ती १८ जुलैच्या शुक्रवारी, आपल्याकडे रात्र झाली होती तेव्हा. तिचा माग आधी लागला तो नेदरलँड्समधल्या आय सिक्युरिटी या कंपनीला. तातडीचे पॅच आले २० आणि २१ जुलैला, ओळीने. आणि मायक्रोसॉफ्टने नंतर स्वतःच सांगितलं की या दोषांवरचे पहिले प्रयत्न ७ जुलैपासून दिसत होते.

म्हणजे तुमच्या बाबतीत १८ च्या रात्रीपासून २२ पर्यंत दार सताड उघडं होतं. ८ जुलैचा मासिक पॅच टाकला नसेल तर त्याच्याही आधीपासून. आणि टाकला असेल तरी निर्धास्त राहण्यासारखं काही नव्हतं, हे आता कळलंच असेल.

आता पॅच का पुरत नाही ते बघू, आणि हे शेठना समजेल अशा भाषेत.

तुमच्या गेटवर गेटपास असतो. माल बाहेर जाताना स्टोअरचा शिक्का बघून वॉचमन गाडी सोडतो. माल कोणाचा, कुठे चाललाय, हे तो विचारत नाही, शिक्का खरा दिसला की झालं. शेअरपॉइंटची पानं अशीच चालतात. प्रत्येक पानासोबत सर्व्हर ब्राउझरला एक पुडकं देतो, त्याला व्ह्यूस्टेट म्हणतात. तुम्ही बटण दाबलं की ते पुडकं सर्व्हरकडे परत येतं, सर्व्हर त्यावरचा आपलाच शिक्का तपासतो आणि ते उघडतो. हा शिक्का म्हणजे मशीन की: एक व्हॅलिडेशन की आणि एक डिक्रिप्शन की.

हल्लेखोरांनी पहिल्या झटक्यात काही नासधूस केली नाही. त्यांनी सर्व्हरवर एक छोटी फाइल टाकली, स्पिनस्टॉल० डॉट एएसपीएक्स. ती उघडली की एकच काम करायची, या किल्ल्या वाचून दाखवायची. म्हणजे शिक्क्याचा ठसा घेऊन ते निघून गेले. तुम्ही मंगळवारी भिंतीतलं भगदाड बुजवलंत. पण ठसा त्यांच्याकडे असेल तर भगदाडाची गरज कोणाला आहे? आपलं पुडकं बनवायचं, त्यावर तुमचाच शिक्का मारायचा आणि गेटवरून आत यायचं. पॅच टाकलेला सर्व्हर ते पुडकं आदराने उघडेल आणि आतला कोड चालवेल.

म्हणून त्या वेळी मायक्रोसॉफ्टने पॅचसोबतच सांगितलं होतं की मशीन की बदला आणि सगळ्या शेअरपॉइंट सर्व्हरवर आयआयएस, म्हणजे पानं पुरवणारा विंडोजचा वेब सर्व्हर, रीस्टार्ट करा. पॅचची बातमी गल्लीबोळात पोचली. ही ओळ बऱ्याच जणांनी वाचलीच नाही. तुम्ही वाचली होती का, हा माझा पहिला प्रश्न. उत्तर ‘नाही’ असेल तर पुढचं नंतर वाचा, आधी ते करा. शेअरपॉइंटचं सेंट्रल ॲडमिनिस्ट्रेशन उघडा, मॉनिटरिंगमध्ये जा, रिव्ह्यू जॉब डेफिनिशन्स, तिथे मशीन की रोटेशन जॉब सापडेल, त्यावर रन नाऊ. मग प्रत्येक सर्व्हरवर आयआयएसरीसेट. ज्यांची पानं त्या क्षणी उघडी असतील त्यांचे फॉर्म सेव्ह होणार नाहीत, एवढाच त्रास. जेवणाच्या सुट्टीत उरकून घ्या.

क्रमही महत्त्वाचा आहे. भोक उघडं असताना किल्ल्या बदलल्या तर नव्या किल्ल्याही चोरीला जातात. आधी पॅच, मग किल्ल्या.

पॅचबद्दल आणखी एक गोष्ट, कारण मी तपासलेल्या निम्म्या ठिकाणी इथेच घोळ होता. शेअरपॉइंट २०१९ चे तातडीचे अपडेट दोन होते, केबी ५००२७५४ हा मुख्य आणि केबी ५००२७५३ हा लँग्वेज पॅकचा. ‘आमच्याकडे फक्त इंग्रजी आहे’ म्हणून दुसरा सोडून देणारे भेटले. दोन्ही लागतात. आणि एवढं करूनही काम अर्धंच होतं. फाइली बसल्या, पण प्रॉडक्ट्स कॉन्फिगरेशन विझार्ड चालवला नाही तोवर अपडेट पुरता लागू होत नाही. विझार्ड चालायला वेळ लागतो, मध्ये कधी अडकतो, साइट बंद पडते, म्हणून लोक ‘रविवारी करू’ म्हणतात आणि ते रविवार येत-जात राहतात. सेंट्रल ॲडमिनमध्ये सर्व्हरच्या यादीत तुमच्या सर्व्हरसमोर ‘अपग्रेड रिक्वायर्ड’ किंवा ‘अपग्रेड अव्हेलेबल’ दिसतंय का ते आताच बघा. दिसत असेल तर तो विझार्ड राहिलाय.

आता माझा किस्सा. मार्च २०२१. एक्सचेंज मेल सर्व्हरमध्ये प्रॉक्सीलॉगॉन नावाने गाजलेले दोष निघाले, २ मार्चला पॅच आला. मी तेव्हा एका कंपनीचा मेल सर्व्हर बघत होतो. ४ तारखेच्या रात्री नऊ वाजता पॅच टाकला, मेल सुरू असल्याची खात्री केली, स्कूटर काढली आणि रावपुऱ्यात घरी येऊन जेवलो. साहेबांना मेसेज केला, ‘काम झालं’. इतरांच्या मानाने आपण किती चटपटीत, असंही मनात येऊन गेलं, खोटं कशाला बोलू.

नऊ दिवसांनी अँटिव्हायरसने आरडाओरडा केला. एएसपीनेट क्लायंट नावाच्या फोल्डरमध्ये एक एएसपीएक्स फाइल होती. नाव म्हणजे आठ निरर्थक अक्षरं. आकार दोन केबीच्या आत. मी तिची तयार झाल्याची वेळ बघितली: ३ मार्च, सकाळी अकरा. माझा पॅच ४ तारखेच्या रात्रीचा. म्हणजे पाहुणा माझ्या आधी दीड दिवस येऊन बसला होता, मी बाहेरून कडी लावली आणि तो आतच. नऊ दिवस त्याने काय काय वाचलं हे कधीच पुरतं कळलं नाही, कारण आम्ही लॉग, म्हणजे सर्व्हर आपोआप लिहितो त्या नोंदी, सात दिवसांचेच ठेवत होतो. सर्व्हर नव्याने उभा केला, सगळ्यांचे पासवर्ड बदलले. त्या वर्षीची होळी आणि धुळेटी मी सर्व्हर रूममधल्या एसीखाली काढली.

त्या दिवसापासून ‘पॅच कधी टाकला’ या आधी मी ‘दोष वापरात कधीपासून होता’ हे विचारतो. या दोन वेळांच्या मधला काळ, तोच तपासायचा असतो.

तुमचा तो काळ तपासायला आयआयएसचे लॉग लागतील, आणि त्यात एक फसगत आहे जिच्यात मी अनुभवी माणसंही पडताना पाहिली. आयआयएस आपले लॉग जागतिक वेळेत लिहितो, भारतीय वेळेत नाही. आपली वेळ साडेपाच तास पुढे. शनिवारी १९ जुलैच्या पहाटे चारला तुमच्या सर्व्हरवर काही घडलं असेल तर त्याची ओळ १८ तारखेच्या फाइलमध्ये, रात्री साडेदहाच्या वेळेने लिहिलेली सापडेल. फायरवॉलचे लॉग मात्र बहुधा भारतीय वेळेत असतात. दोन कागद शेजारी ठेवून ‘वेळ जुळत नाही, म्हणजे हे ते नव्हे’ असा निष्कर्ष काढणारे मी बघितले आहेत. कागदावर वरच मोठ्या अक्षरात लिहा: साडेपाच तास मिळवा.

शोधायचं काय? टूलपेन डॉट एएसपीएक्सला आलेली पोस्ट विनंती, जिच्या रेफरर रकान्यात, म्हणजे ‘कुठल्या पानावरून आलो’ या जागी, साइनआउट डॉट एएसपीएक्सचा पत्ता आहे. जरा विचार केला तर ही जोडी किती विचित्र आहे ते कळतं. टूलपेन म्हणजे पानाची रचना बदलायचं साधन, ते लॉगिन केलेल्या माणसाचं काम. साइनआउट म्हणजे बाहेर पडायचं पान. बाहेर पडलेला माणूस पानाची रचना कशी बदलेल? पण साइनआउटच्या पानावरून आलोय असं सांगितलं की सर्व्हर ओळख विचारायचं विसरत होता, हीच ती चूक. खऱ्या वापरात अशी ओळ येत नाही. एकही सापडली तरी कोणीतरी दार ठोठावलंय हे नक्की.

त्या ओळीनंतर काही सेकंदांत स्पिनस्टॉल० मागणारी गेट विनंती आहे का बघा, आणि तिच्यापुढचा आकडा बघा. ४०४ असेल तर मागणाऱ्याला फाइल मिळाली नाही. असे चौकशी करत फिरणारे त्या आठवड्यात पैशाला पासरी होते, त्यांना घाबरायचं कारण नाही. २०० असेल तर मात्र फाइल तिथे होती, तिने उत्तर दिलं, आणि तुमचा शिक्का गेला. फाइल आज तिथे आहे का हेही बघा. प्रोग्रॅम फाइल्समध्ये कॉमन फाइल्स, मायक्रोसॉफ्ट शेअर्ड, वेब सर्व्हर एक्स्टेन्शन्स, १६, टेम्प्लेट, लेआउट्स अशा वाटेने जा. नाव स्पिनस्टॉल, स्पिनस्टॉल१, स्पिनस्टॉल२ असंही असू शकतं. नावावर विसंबू नका, त्या फोल्डरमधल्या फाइली तारखेने लावा. शेअरपॉइंटच्या स्वतःच्या फाइली घोळक्याने, अपडेटच्या तारखेला आलेल्या असतात. एकटीच, शनिवारी पहाटे आलेली फाइल डोळ्यात भरते.

काहीच सापडलं नाही तर? तर हायसं वाटू द्या, पण अर्धंच. काही हल्ल्यांत डिस्कवर फाइल टाकलीच नव्हती, सगळं मेमरीत झालं आणि रीस्टार्टबरोबर पुसलं गेलं. तिथे बाकीच्या खुणा लागतात. शेअरपॉइंटचं काम करणारा डब्ल्यूथ्रीडब्ल्यूपी हा प्रोसेस सीएमडी उघडतो, सीएमडी पॉवरशेल उघडतो (दोन्ही विंडोजला लेखी हुकूम देण्याची साधनं) आणि त्या पॉवरशेलला लांबलचक, न वाचता येणारा मजकूर दिलेला असतो, अशी साखळी अँटिव्हायरसच्या जुन्या नोंदींत आहे का बघा. ॲप्लिकेशन इव्हेंट लॉगमध्ये १३१६ क्रमांकाच्या नोंदी त्या काळात दाटीने आल्या आहेत का, तेही बघा. व्ह्यूस्टेटच्या तक्रारी तिथे लिहिल्या जातात. अधूनमधून एखादी येणं नेहमीचं आहे, रात्री तीनला वीस येणं नाही.

आणि खरंच खुणा सापडल्या तर ती केवळ शेअरपॉइंटची गोष्ट राहत नाही. त्या हल्ल्यांत मायक्रोसॉफ्टने तीन टोळ्यांची नावं घेतली, त्यातली स्टॉर्म-२६०३ ही वॉरलॉक रॅन्समवेअर, म्हणजे फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, पसरवत होती. तिची पद्धत ठरलेली: सर्व्हरच्या मेमरीतून पासवर्ड काढायचे, बाजूच्या मशीनवर जायचं, विंडोजचा अँटिव्हायरस डिफेंडर बंद करायचा, आणि शेवटी सगळ्या मशीनना एकत्र सेटिंग देणाऱ्या ग्रुप पॉलिसीत बदल करून एका फटक्यात सगळ्या पीसींवर रॅन्समवेअर वाटायचं. तुमचंच हत्यार, तुमच्यावरच. म्हणून शेड्यूल्ड टास्क बघा, आयआयएसमध्ये अनोळखी मॉड्यूल आलंय का बघा, ग्रुप पॉलिसीच्या बदलांच्या तारखा बघा, ॲडमिन गटात कोण नवीन आहे ते बघा. शेअरपॉइंटची सर्व्हिस अकाउंट्स, विशेषतः सगळं शेअरपॉइंट ज्यावर चालतं ते फार्म अकाउंट, यांचे पासवर्ड बदला. कित्येक ठिकाणी हे अकाउंट डोमेन ॲडमिन, म्हणजे अख्ख्या नेटवर्कचा मालक, असतं, कारण आठ वर्षांपूर्वी बसवायला आलेल्या माणसाने ‘परमिशनची कटकट नको’ म्हणून तसं केलं होतं. तुमच्याकडे तसं असेल तर मात्र सर्व्हर नव्याने बांधण्याचाच विचार करा आणि बाहेरच्या जाणकाराला बोलवा. एकट्याने साफसफाई करायचा हट्ट धरू नका. मी धरला होता.

खुणा सापडल्यावर घड्याळही सुरू होतं. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते. पुष्कळ जण आधी सगळा तपास पूर्ण करून मग कळवू म्हणतात. तसं नाही, हातात जेवढं आहे तेवढं कळवायचं, बाकीचं नंतर. त्याच निर्देशांत १८० दिवसांचे लॉग सांभाळायलाही सांगितलं आहे. ‘जुनं उकरून कशाला काढायचं’ असं ऑफिसात कोणी म्हणेल, त्याला ही तारीख दाखवा.

आता तुमच्या प्रश्नाचा दुसरा भाग. पुन्हा असं आलं तर आधी काय?

पहिलं काम पॅच शोधणं नाही, पहिलं काम बाहेरची वाट बंद करणं. फायरवॉलवर ज्या नियमाने बाहेरची रहदारी त्या सर्व्हरकडे येते तो नियम डिसेबल करा, पुसू नका. आतले लोक काम करत राहतील, व्हेंडर थांबतील. मग मोबाइलचं वायफाय बंद करून, मोबाइल डेटावरून पत्ता उघडून बघा, खरंच बंद झाला का. हा दोन मिनिटांचा उपाय वाटतो, पण तो अडतो कुठे माहितीये? फायरवॉलचा पासवर्ड त्याला बसवणाऱ्या व्हेंडरकडे असतो, आणि असल्या बातम्या शनिवार-रविवारीच येतात. जुलैमधल्या त्या रविवारी सकाळी मी दांडिया बाजारात सेव-उसळ घेऊन बसलो होतो, बाहेर पाऊस कोसळत होता, आणि एका ओळखीच्या कारखान्याच्या माणसाचा फोन: ‘भाऊ, वाट बंद करायची कशी? फायरवॉलवाला गावाला गेलाय.’ शेवटी त्याला इंटरनेटची तार ओढायला लावली. ती तार काढल्यावर त्यांचं ई-वे बिल निघणंही थांबलं, पण रविवार होता म्हणून निभावलं. तुमच्याकडे तो पासवर्ड आहे का? बंद पाकिटात, शेठच्या कपाटात तरी?

सर्व्हर बंद करू नका. घाबरलेला माणूस आधी पॉवरचं बटण दाबतो. मेमरीत जे काही असेल ते त्याने जातं, आणि वर सांगितल्याप्रमाणे कधीकधी पुरावा तेवढाच असतो. व्हर्च्युअल मशीन असेल तर मेमरीसकट स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाची पूर्ण नक्कल, घ्या. तो परत लावण्यासाठी नाही, बाजूला ठेवून तपासण्यासाठी. लॉग दुसऱ्या मशीनवर उतरवा, जिथे त्या सर्व्हरच्या अकाउंटने जाता येत नाही अशा जागी. बॅकअपची डिस्क सर्व्हरला जोडलेली असेल तर ती काढा.

हे झालं की मग शांतपणे कंपनीची मूळ सूचना वाचा. कोणी पाठवलेला व्हॉट्सॲप फॉरवर्ड नाही, मूळ सूचना, आणि शेवटपर्यंत, ‘पॅचनंतर’ असं लिहिलेल्या भागापर्यंत. तुमच्या आवृत्तीचा पॅच आला आहे का? नसेल तर तात्पुरता उपाय काय सांगितला आहे? शेअरपॉइंटच्या वेळी तो एएमएसआय होता, म्हणजे आलेली विनंती अँटिव्हायरसकडून तपासून घेण्याची सोय. सप्टेंबर २०२३ च्या अपडेटपासून ती आपोआप चालू होते. पण ती चालते तुमचा अँटिव्हायरस तिला साथ देत असेल तरच. स्वस्तातला कुठला तरी टाकून डिफेंडर बंद केला असेल तर ती सोय नावापुरती. आणि दोष तपासून देणारी स्क्रिप्ट इंटरनेटवरून उचलून सर्व्हरवर चालवू नका. अशा दिवसांत बनावट स्क्रिप्टही तितक्याच वेगाने फिरतात.

शेठशी बोलताना ९.८ वगैरे आकडे काढू नका, त्यांना ते तापमान वाटतं. मी असं सांगतो: ‘व्हेंडरचं पोर्टल आजपासून दोन दिवस बंद राहील, ड्रॉइंग मेलने पाठवू. नाहीतर सगळीच ड्रॉइंग बाहेर जाण्याची किंवा डिस्पॅच आठवडाभर ठप्प होण्याची शक्यता आहे. कोणतं चालेल?’ निर्णय त्यांचा, आणि तो मेलवर लिहून घ्या. धंद्याचा माणूस अशा प्रश्नाचं उत्तर पाच मिनिटांत देतो. तो अडतो तो ‘रिमोट कोड एक्झिक्यूशन’ ऐकल्यावर.

हे एकदाचं प्रकरण होतं असंही समजू नका. त्याच वर्षीची दिवाळी आठवा. १४ ऑक्टोबर २०२५ च्या मासिक अपडेटमध्ये डब्ल्यूएसयूएसचा, म्हणजे सगळ्या मशीनना अपडेट वाटणाऱ्या सर्व्हरचाच एक दोष बुजवला होता. तोही अर्धवट निघाला आणि २३ तारखेला तातडीचा दुसरा पॅच द्यावा लागला. तीव्रता पुन्हा ९.८. २३ ला आपल्याकडे भाऊबीज होती. इथले कारखाने लाभपाचमीपर्यंत, म्हणजे दिवाळीनंतर धंदा पुन्हा सुरू करायच्या मुहूर्तापर्यंत, शटर उघडत नाहीत, आणि लाभपाचम होती २६ ला, तीही रविवारी. मी स्वतः बहिणीकडे ओवाळून घेतलं, आणि रात्री घरी येऊन चार ठिकाणचे डब्ल्यूएसयूएसचे ८५३० आणि ८५३१ हे पोर्ट बाहेरून उघडे नाहीत ना हे तपासत बसलो. एका ठिकाणी उघडा सापडला. का उघडा होता ते तिथल्या कोणालाच सांगता आलं नाही.

त्यावरून तुमच्या शेअरपॉइंटकडे परत येतो. तो इंटरनेटवर उघडा असायलाच हवा का? किती व्हेंडर तो रोज वापरतात? माझा अंदाज, दहा-बारा. त्यांना व्हीपीएन, म्हणजे ओळख पटवून आत येण्याची खासगी वाट, देता येईल, किंवा पुढे असा प्रॉक्सी, म्हणजे मध्यस्थ सर्व्हर, ठेवता येईल जो ओळख पटल्याशिवाय सर्व्हरपर्यंत काही पोचूच देत नाही. लॉगिनचं पान शेअरपॉइंटचं स्वतःचं असेल तर ते पान दाखवणाराच फुटलेला असतो, हे त्या जुलैने दाखवलं. आवृत्तीचाही विषय आहेच. २०१६ आणि २०१९ या दोन्हींच्या सपोर्टची अखेरची तारीख १४ जुलै २०२६. त्यानंतर असा दोष निघाला तर त्या रविवारी पॅचची वाट बघण्यात अर्थ नसेल. सबस्क्रिप्शन एडिशन या शेअरपॉइंटच्या नव्या आवृत्तीवर जायचं की क्लाउडवर, हा खर्चाचा हिशेब आहे आणि तो तुमच्या शेठना माझ्यापेक्षा चांगला जमेल. त्या जुलैमध्ये क्लाउडवरच्या शेअरपॉइंट ऑनलाइनला या दोषाची झळ लागली नव्हती, एवढं त्यांच्या कानावर घाला.

आणि एक काम आजच, घरी जायच्या आधी. आयआयएस स्वतःहून जुने लॉग पुसत नाही, सी ड्राइव्ह भरली की माणसं पुसतात. तुमच्या सर्व्हरवर तीस दिवसांपूर्वीचे लॉग उडवणारी एखादी स्क्रिप्ट कोणी लावून ठेवली असेल, ती बघा आणि थांबवा. विंडोजचा सिक्युरिटी लॉग मूळ सेटिंगमध्ये २० एमबीचाच असतो, तो वापरातल्या सर्व्हरवर पटकन भरून स्वतःलाच खोडत जातो. तो वाढवा. ७ ते २२ जुलैचे आयआयएस लॉग अजून शिल्लक असतील तर झिप करून वेगळ्या डिस्कवर ठेवा आणि १८ तारखेच्या फाइलपासून वाचायला घ्या. टूलपेनची एखादी ओळ सापडली तर तिच्यापुढचा आकडा आणि वेळ मला कळवा. वेळ लॉगमधली आहे की साडेपाच तास मिळवून, तेही लिहा.